माळ्यावरचे डबे

मामांच्या नातवाचा फोन आला तो २०२५ सालच्या मे महिन्यात. त्या वर्षी पावसाने फारच घाई केली होती. मे संपायच्या आतच तो येऊन ठेपला होता, आणि कबनूरच्या त्या जुन्या घराचे कौल पहिल्याच दोन सरींत गळू लागले होते. "काका, शुक्रवारी भंगारवाला येतोय. आजोबांच्या माळ्यावरचं समदं खाली काढतोय. कौलं काढून पत्रा मारायचाय. तुमास्नी काय पायजे असलं तर आधी येऊन बघून जावा." मग त्याने भावही सांगितला. लोखंडाचा किलोला इतका, ॲल्युमिनियमचा इतका, पितळेचा निराळा. तो ते वाईट हेतूने सांगत नव्हता. वस्तूची किंमत कशी ठरते ते सांगत होता.

मामांना जाऊन चार वर्षे झाली होती. माळ्यावर काय आहे ते मला पाठ होते, कारण तिथल्या निम्म्या डब्यांवरचे अक्षर माझे होते. दुसऱ्या दिवशी सकाळची एसटी धरून मी कबनूर गाठले.

इचलकरंजी कुठे संपते आणि कबनूर कुठे सुरू होते हे नवख्याला कळत नाही. कळायचे ते फक्त आवाजाने. बाजारपेठेचा गलका मागे पडला की यंत्रमागांचा खडखडाट कानावर यायचा. इचलकरंजीत पहिला यंत्रमाग विठ्ठलराव दातारांनी १९०४ साली आणला, आणि पुढे हा खडखडाट गावाची वेस ओलांडून कबनूर, चंदूर, कोरोचीपर्यंत पसरला. माझे मामा या खडखडाटातले जॉबर होते. जॉबर म्हणजे नोकरी देणारा नव्हे, मागांचा मिस्त्री. दिवसपाळीला धोटा, पिकिंग आणि बीम सांभाळायचे आणि संध्याकाळी घरासमोरच्या पडवीत इंजिने उघडायची, असा त्यांचा दिवस होता. कारण यंत्रमागाच्या या गावाला शिवारही होते, शिवारात विहिरी होत्या आणि विहिरींवर इंजिने होती.

आज तिशीत असलेल्या वाचकाला त्या इंजिनाचा ठोका ठाऊक असेल की नाही, शंकाच आहे. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९१० साली कुंडलच्या माळावर किर्लोस्करवाडी वसवली, तिथे नांगर आणि पंप झाले. पुढे १९४६ साली पुण्याला किर्लोस्कर ऑइल इंजिन्स सुरू झाली. पाच हॉर्सपॉवरचे ते डिझेल इंजिन आमच्या भागात इतके रुळले की 'किर्लोस्कर' हे कंपनीचे नाव न राहता वस्तूचेच नाव झाले. १९ जुलै १९६९ रोजी चौदा बँकांचे राष्ट्रीयीकरण झाले, आणि मग विहीर, इंजिन, पाइपलाइन यांच्यासाठी कर्जे सुटली. मी १९८१ साली बँकेत लागलो तेव्हा या कर्जांचे लेजर एवढे जाड झाले होते की शिपाई ते दोन हातांनी उचलायचा.

पण बँक पुढची गोष्ट आहे. आधी पडवी.

मामांकडे एक नियम होता. इंजिनातून काढलेला भाग जमिनीवर ठेवायचा नाही. परातीत ठेवायचा. ॲल्युमिनियमच्या तीन मोठ्या पराती होत्या, मामीने स्वयंपाकघरातून बाद केलेल्या. पहिल्या परातीत जुने, काळे झालेले रॉकेल. दुसरीत त्याहून बरे. तिसरीत स्वच्छ, गाळलेले. भाग आधी पहिल्या परातीत भिजायचा, ब्रशने घासला जायचा, मग दुसरीत, मग तिसरीत. दिवसअखेर तिसरीतले रॉकेल दुसरीत, दुसरीतले पहिलीत, आणि पहिलीतला गाळ खाली बसू देऊन वरचे रॉकेल पुन्हा वापरात. मामीचे भांडी विसळायचे पाणीही असेच एका बादलीतून दुसरीत जायचे. मामा ते तिच्याकडूनच शिकले असावेत, पण तसे त्यांनी कबूल केले नसते.

पेट्रोलने धुवायला त्यांची सक्त मनाई होती. एक तर आगीचे भय. दुसरे म्हणजे पेट्रोल तेलाचा शेवटचा थरसुद्धा नेते आणि क्षणात उडून जाते. उघडे पडलेले लोखंड मग आमच्या आषाढात एका रात्रीत तांबूस होते. "पेट्रोलनं धुतलेला भाग म्हंजे नागडा भाग," असे ते म्हणत. रॉकेलचाही भरवसा नसे. तेही पुरेसे राखत नाही. म्हणून धुतल्यावर पुसायचे आणि पुसल्यावर लगेच तेल. मध्ये चहा प्यायला उठायचे नाही.

पुसायला आमच्याकडे सुताच्या कचऱ्याचा तोटा नव्हता. मागावरून निघालेला मऊ गुंता, ज्याला सगळे 'वेस्ट' म्हणतात, पोत्याने मिळायचा. सगळ्या देशातल्या गॅरेजांत पुसायला जे वेस्ट लागते ते आमच्यासारख्याच गावांतून जाते. पण नोझल आणि पंपाचे एलिमेंट यांना वेस्ट लावलेले मामांना चालत नसे. लावले तर हातावर फटका बसे. त्याचे कारण मला फार उशिरा समजले.

डिझेल इंजिनात ठिणगी नसते. हवा दाबली की ती इतकी तापते की नेमक्या क्षणी आत फवारलेले डिझेल आपोआप पेट घेते. ते फवारण्याचे काम पंप आणि नोझल करतात. रुडॉल्फ डिझेलच्या मूळ इंजिनात इंधन आत ढकलायला दाबाची हवा लागे आणि तिच्यासाठी भलामोठा कॉम्प्रेसर. रॉबर्ट बॉशच्या कारखान्याने १९२७ साली इंधनाचा पंप मोठ्या प्रमाणावर बनवायला घेतला, आणि डिझेल इंजिन आटोपशीर झाले. आपल्याकडे बंगळूरला १९५१ साली मायको निघाली ती याच कामासाठी. या पंपाचे काळीज म्हणजे एलिमेंट: एक पोकळ नळी आणि तिच्यात सरकणारा करंगळीएवढा दांडा. दोहोंमधली फट काही मायक्रॉनची, केसाच्या जाडीच्या कितीतरी पट कमी. कारखान्यात ही दोघे एकमेकांवर घासूनच जुळवतात. त्यामुळे या नळीचा दांडा त्या नळीत चालत नाही. दोन एलिमेंटे एकाच परातीत धुतली आणि दांडे बदलले, तर दोन्ही एलिमेंटे गेली. सुताचा एक तंतू त्यात अडकला तरी पुरे. म्हणून ती जोडी एकटी धुवायची, तीही न वापरलेल्या डिझेलमध्ये. पुसायची नाही. ओलीच एकमेकांत घालायची आणि ओलीच गुंडाळायची. दांडा बोटांनी धरायचा तो टोकाला. घासल्या जाणाऱ्या पोटाला घामाचे बोट लागले तर आठवड्याने तिथे बोटाचा ठसा गंजाने उमटतो. पोलिसांना उपयोगी पडेल इतका स्वच्छ.

आता माझा पराक्रम. साल १९७१, मी बारा वर्षांचा. मामा बिडाच्या भागांवरची घट्ट काजळी काढायला कॉस्टिक सोडा वापरत. सूत-कापडाच्या गावात तो सहज मिळतो. लोखंडी पिंपात पाणी, त्यात सोडा, खाली चूल. बीड आणि पोलाद त्यात घातले की काजळी आणि ग्रीस सुटून येते, धातूला काही होत नाही. मामा शेडवर गेले असताना मला मदत करायची हौस आली. परातीत एक छानसा पिस्टन होता, वर काजळीचा थर. तो मी पिंपात सोडला. पाणी फसफसू लागले. मला वाटले, वा, काय घाण निघते आहे! मामा आले तेव्हा पिस्टन ॲल्युमिनियमचा होता हे मला समजले. कॉस्टिक ॲल्युमिनियमला खातो, आणि खाताना हायड्रोजन वायू सोडतो. चुलीच्या वर, बरे का. त्या दिवशी पडवीसकट आम्ही वाचलो हे नशीब. मामांनी आधी चूल विझवली, मग मला लांब उभे केले, मग चिमट्याने पिस्टन काढला. त्याला देवीच्या रोग्यासारखे वण पडले होते. त्यांनी मला मारले नाही. तो पिस्टन धुऊन, पुसून माझ्या हातात दिला आणि म्हणाले, "ह्यो आता तुजा. दफ्तरावर ठीव. कागद उडायचं न्हाईत."

पुढे तो पिस्टन खरोखरच माझ्या बँकेतल्या टेबलावर कागदांवर असायचा. लोक विचारायचे. मी काहीतरी सांगायचो.

साफ करणे हे निम्मे काम. ठेवणे हे उरलेले निम्मे, आणि तेच लोक चुकतात. मामांच्या पडवीत येणारे किती तरी जण घरात चांगला भाग असून नवा घ्यायला निघालेले असत. भाग होता, पण गंजला होता. किंवा गंजला नव्हता, पण कोणत्या इंजिनाचा ते सांगता येत नव्हते.

मामांची पद्धत साधी होती. पोलादी भागाला आधी घट्ट तेलाचा हात, मग मेणकागद, मग डबा. वर्तमानपत्रात थेट गुंडाळायचे नाही, कारण तो कागद हवेतला ओलावा पितो आणि धातूला पाजतो. खोक्याच्या पुठ्ठ्याचेही तेच. (हल्ली नव्या बेअरिंगांबरोबर गंजरोधक रसायन लावलेला कागद येतो. मामा तो कधी फेकत नसत, घडी करून ठेवत.) नवे बेअरिंग उघडून बघायचे नाही, त्याचे कारखान्याचे तेल धुवायचे नाही. जुने धुतलेले बेअरिंग कोरडे असताना हौसेने गरगर फिरवायचे नाही, त्यात त्याच्या गोळ्या ओरखडतात. पिस्टन रिंगा खिळ्याला लटकवायच्या नाहीत. बीड ते, वाकत नाही, मोडते. आडव्या, एकावर एक, चपट्या डब्यात. व्हॉल्व्ह ज्या बैठकीचा तिच्याच नावाने. गॅस्केटे वहीत दाबून, पिंपळपान ठेवतात तशी. तांब्याचे वायसर मात्र फेकायचे नाहीत, कितीही दबलेले असोत. तांबे दाबाने कडक होते. चुलीत लाल करून पाण्यात टाकले की पुन्हा मऊ. ते करताना मामांच्या चेहऱ्यावर लहान मुलाचा आनंद असे.

रबराचे त्यांना कधी जमले नाही, आणि ते कोणालाच जमत नाही. ऑइल सील, कार्बुरेटरचा पडदा, हे सगळे भाजीसारखे. अंधारात, थंडाव्यात, टाल्कम पावडर लावून ठेवले तर काही वर्षे टिकते, मग चिरते. लटकवले तर लांबते. चालत्या विजेच्या मोटारीजवळ ठेवले तर आणखी लवकर जाते, कारण मोटारीच्या ठिणग्यांतून तयार होणारा ओझोन वायू रबराला चिरा पाडतो. आता तर पेट्रोलमध्ये इथेनॉल आले. २०२५ साली त्याचे प्रमाण २० टक्क्यांवर गेले. आमच्याच जिल्ह्यातल्या उसाची ही करामत, त्यामुळे तक्रार तरी कोणाकडे करायची! इथेनॉल पाणी ओढते आणि जुन्या जातीच्या रबराला मानवत नाही. फवारणीच्या पंपाचे छोटे इंजिन हंगाम संपल्यावर टाकीत पेट्रोल ठेवून कोपऱ्यात सारले, की पुढच्या वर्षी कार्बुरेटरच्या बारीक भोकात डिंकासारखा थर सापडतो. टाकी रिकामी करावी, मग इंजिन आपोआप बंद पडेपर्यंत चालवावे, म्हणजे कार्बुरेटरही कोरडा होतो. आणि जेटच्या भोकात तार घालू नये. भोक मोठे झाले की ते इंजिन तुमच्याहून जास्त प्यायला लागते.

मामांच्या या सगळ्या शास्त्रात माझी भर एकच: चिठ्ठी. ते सगळे डोक्यात ठेवत. बँकेत दोन-तीन वर्षे काढल्यावर मला ते बघवेना. चिठ्ठीशिवायचा सुटा भाग म्हणजे कागदपत्रांशिवायचे कर्ज; देणारा आहे तोवर ठीक. मग रविवारी जाऊन मी रजिस्टर घातले. डबा क्रमांक, भाग, कोणत्या इंजिनातून काढला, कधी, माप काय, परत वापरण्याजोगा की नुसता नमुना. प्रत्येक भागाला दोऱ्याने पुठ्ठ्याचे लेबल, शिसपेन्सिलीने लिहिलेले, कारण शाई तेलात पसरते आणि पेन्सिल राहते. मामा हसायचे. "बँकवाल्या, ह्याचं व्याज किती धरलंस?" पण लेबले त्यांनी सांभाळली. नंतर नंतर स्वतःही लिहू लागले, त्यांच्या त्या तिरक्या, वेलांटी विसरणाऱ्या अक्षरात.

आता बँक.

१९८९ साली मी पंचगंगेकाठच्या एका गावच्या शाखेत होतो, अधिकारी म्हणून नवा. एक इंजिनाचे कर्ज थकले होते. कर्जदाराला गावात सगळे आबा म्हणत. साडेतीन एकर, एक विहीर, पाच हॉर्सपॉवरचे डिझेल इंजिन बँकेकडे नजरगहाण. मी पाहणीला गेलो तेव्हा इंजिन बंद होते, वर पोते टाकलेले. मी अहवालात लिहिले: इंजिन वापरात नाही, निगा राखलेली नाही. ते वापरात का नाही, हे मी विचारले नाही. अहवालात तो रकाना नव्हता.

जप्ती झाली. पंचनामा माझ्या हातचा. सुरू करायला हँडल मागितले तर आबा म्हणाले, "विहिरीत पडलं." मी लिहिले, हँडल गहाळ. लिलावाच्या दिवशी हँडल नसलेल्या, सुरू करून न दाखवलेल्या इंजिनाला कोण बोली लावणार? भंगाराचे दोन व्यापारी आले होते. आणि मामा. ते कसे आले, त्यांना कोणी सांगितले, मला माहीत नाही. कदाचित मीच जेवताना बोललो असेन. मामांनी व्यापाऱ्यांच्या वर पन्नास रुपये चढवून इंजिन घेतले. हे माझे मामा आहेत हे मी तिथे कोणाला सांगितले नाही, आणि त्यांनीही माझ्याकडे ओळखीच्या नजरेने पाहिले नाही.

पुढच्या रविवारी पडवीत ते इंजिन उघडलेले होते. हेडला तडा. "पाणी आटलं," मामा म्हणाले. "ह्ये इंजिन विहिरीच्या पाण्यावर गार व्हतं. विहिरीनं तळ दावला तरी ह्यो मानूस उभं पीक बघून चालवत राहिला. तापलं, तडकलं." मग क्रँक हातात घेऊन तो उजेडात फिरवला. बेअरिंगच्या जागा आरशासारख्या. "निगा न्हाई म्हनलास न्हवं तू? बघ." एवढेच. नंतर त्यांनी एलिमेंटची जोडी स्वच्छ डिझेलमध्ये सोडली आणि मला रजिस्टर आणायला सांगितले. त्या दिवशीची नोंद माझ्याच अक्षरात आहे. 'कोणत्या इंजिनातून' या रकान्यात मी लिहिले आहे: लिलाव.

१९९० साली केंद्र सरकारने दहा हजार रुपयांपर्यंतच्या थकलेल्या शेतीकर्जांना माफी देणारी योजना आणली. अटी होत्या, पण आबांचे खाते त्यात बसले. लिलावाची रक्कम वजा जाता उरलेली बाकी माफ झाली. ती नोंदही मीच केली आणि बाकी शून्य करून खाली सही केली. इंजिन नेले नसते तर सगळीच बाकी माफ झाली असती, हे कळायला बँक अधिकारी असण्याची गरज नव्हती. पिस्टन टेबलावर होताच. नंतर माझी बदली झाली, मग आणखी बदल्या, कादंबऱ्या, आणि २०१९ साली निवृत्ती.

त्याच वर्षी ऑगस्टमध्ये महापूर आला. शिरोळ तालुक्यातली नदीकाठची गावे पाण्याखाली गेली. पाणी उतरल्यावर लोक चिखलाने भरलेली इंजिने ट्रॅक्टरवर घालून मिस्त्री शोधत फिरत होते. मामा तेव्हा ऐंशीच्या पुढे गेलेले, दिसायचे कमी. खुर्चीत बसून ते येईल त्याला एकच ओरडून सांगत: "हँडल मारू नगा!" सिलिंडरमध्ये पाणी असताना फिरवले तर पाणी दबत नाही, कनेक्टिंग रॉड वाकतो. आणि धुऊन उन्हात वाळवूही नका. ओले आहे तोवर ठीक, वाळले की गंज धावतो. आधी पाणी काढा, डिझेल ओता, मग आणा. त्या पंधरा दिवसांत माळ्यावरचे अकरा डबे रिकामे झाले. रजिस्टरमध्ये त्यांच्यापुढे रक्कम नाही. काहींपुढे गावाचे नाव आहे, काहींपुढे तेही नाही.

तर, त्या मे महिन्यात मी माळ्यावर चढलो. सत्तेचाळीस डबे. बिस्किटांचे, डालड्याचे, दुधाच्या पावडरीचे. खरे सांगायचे तर सगळे ठेवण्यासारखे नव्हते, आणि जुने म्हणून सगळे छातीशी धरणाऱ्यांपैकी मी नाही. रबर सगळे मेलेले. कॉर्कची गॅस्केटे आक्रसलेली. ज्या तीन डब्यांवर कौल गळले होते त्यांत तांबडी चटणी. पंचवीस डबे मीच भंगारवाल्यासाठी बाजूला काढले. येझदीचा एक कार्बुरेटर आणि क्लचचे भाग मिळाले. म्हैसूरची आयडियल जावा १९९६ साली बंद झाली, आणि २०२२ साली येझदी नाव नव्या गाडीवर परत आले तरी जुन्या गाड्यांची पोरे जुन्याच भागांसाठी वेडी असतात. नातवाने मोबाइलवर फोटो टाकले आणि संध्याकाळच्या आत गिऱ्हाईक मिळाले. किलोच्या भावाच्या कितीतरी पट. तेव्हापासून तो माझ्याबरोबर डबे लक्ष देऊन उघडू लागला.

एकतीस नंबरचा डबा त्यानेच उघडला. मेणकागद, आत तेल, तेलात एलिमेंट आणि नोझल. मी दांडा टोकाला धरून नळीतून अलगद ओढला आणि सोडला. तो स्वतःच्या वजनाने हळूहळू खाली सरकला. छत्तीस वर्षांनी. लेबलवर माझे अक्षर होते: लिलाव, १९८९. उलट्या बाजूला पेन्सिलीने मामांचे: 'आबाचं. मागितलं तर द्यायचं. पैसं न्हाई.'

नातू म्हणाला, "ह्येला किती येतील?"

दोन दिवसांनी मी डबा घेऊन त्या गावी गेलो. आबा दहा-बारा वर्षांपूर्वी वारले होते. मुलगा भेटला, माझ्यापेक्षा थोडा लहान. विहिरीवर आता विजेची मोटार. त्याने मला ओळखले नाही. मी बँकेचे नाव सांगितल्यावर ओळखले. चहा सांगितला. मी डबा पुढे ठेवला आणि काय आहे ते सांगितले. त्याने उघडला नाही.

"आबा कबनूरला यायचे की. मिस्त्रींच्या दारात घटका घटका बसायचे."

"मग मागितलं कसं नाही कधी?"

"इंजिनच न्हाई, तर एलिमेंट मागून काय करायचं?"

यावर मला बोलता आले नाही. तोही गप्प राहिला. मग उठून आत गेला आणि माजघराच्या दारामागून काहीतरी काढून आणले. हँडल. काळे, तेलाने तुकतुकीत, मुठीला हळदीकुंकवाचे जुने थर.

"विहिरीत पडलं न्हवतं," तो म्हणाला. "आबांनी दिलं न्हाई तुमास्नी. दर खंडेनवमीला पुसून, तेल लावून पूजेला मांडायचे. आता मी मांडतो."

मी ते हातात घेतले. जड होते, आणि कुठेही गंजाचा ठिपका नव्हता. त्याने हात पुढे केला तेव्हा परत दिले, आणि त्याने ते पुन्हा दारामागच्या खुंटीला अडकवले. डबा तिथेच राहिला, चहाच्या कपांशेजारी.

घरी आल्यावर रजिस्टर काढले. डबा एकतीस, दिला, तारीख. खाली एक ओळ मोकळी होती. तिथे पेन्सिलीने लिहिले: हँडल १, जागेवर आहे.